डबो म्हणाला होतास ना!

मी डबो बोलतोय. होय, डबोच, म्हणजे कोकणीतला डबा. हे नाव मला निहारने दिलं आणि मी ते विसरलेलो नाही. मी काहीच विसरत नाही, माझा धंदाच तो आहे. खरं तर मी एक संगणक. सुटे भाग जोडून केलेला, काळ्या पत्र्याचा. गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या मुळगावच्या एका घरात मी नऊ वर्षं गाणी सांभाळली. माझ्या पोटात काय आहे ते न बघता मला माळ्यावर चढवलात ना? मग ऐका आता.

माझा जन्म डिचोलीच्या बाजारात, मधुकरच्या दुकानात झाला. खाण बंद पडली होती त्या दिवसांतली गोष्ट. गौरेश खाणीवरच्या काट्यावर ट्रक मोजायचा, तो घरी बसला होता. घुमट, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवायची त्याला भारी हौस. तो दुकानात येऊन म्हणाला, "घरांत गाणीं रेकॉर्ड करपाचीं आसात. खंयचो कॉम्प्युटर घेवूं?"

मधुकरने त्याला नीट समजावलं. सफरचंदवाला घेशील तर दिसायला देखणा, कामाला शांत, पण आत काही बिघडलं तर मी हात लावू शकत नाही. पेंग्विनवाला फुकट चालतो, पण माइक जोडायच्या तुझ्या या छोट्या पेटीशी त्याचं जमेलच असं नाही. खिडकीवाला मी तुला जोडून देतो. मधेमधे रुसेल, पण प्रत्येक भाग सुटा करून बदलता येईल. मग तो हसून म्हणाला, "गाणीं करपाचीं आसात काय शोभेक दवरपाचो?"

"गाणीं," गौरेश म्हणाला. आणि मी जोडला गेलो. मधुकरने माझ्या रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, टक् करून जागेवर बसवले आणि म्हणाला, "हो कधी पीं पीं करूंक लागलो जाल्यार हेंच करपाचें. खोडरबर आनी थोडी माया." गौरेशचं लक्ष बिलात होतं. त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको कमलाक्षी मात्र डोळे बारीक करून बघत होती.

घरी मला आतल्या खोलीत ठेवलं. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद, कोंबड्या मागच्या दारी हाकललेल्या. ट्रक बंद असल्यामुळे रस्ता इतका गप्प असायचा की न्हाणीत तांब्या ठेवला तरी माइकला कळे. गौरेशने घुमटाच्या आरत्या रेकॉर्ड केल्या, शामेळाचा ढोल वाजवून घेतला, कासाळ्याची झांज वाजवून घेतली. पुढे त्याला तुये गावच्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हापासून आमचा रविवार ठरला.

कमलाक्षी फुगडीवाली. वाड्यावरच्या बायकांच्या पथकाची म्होरकी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फुगड्या घालताना पथकाला दरवर्षी नवं गाणं लागायचं आणि ते हिच्या तोंडून यायचं. कागद नाही, पेन नाही. पेज ढवळताना जुळवायची, धुणं आपटताना चाल बसवायची आणि रविवारी माझ्यासमोर उभी राहून गायची. गौरेशला एक चांगली सवय होती, तो काही पुसायचा नाही. चुकलेलं, अडखळलेलं, खोकलेलं, सगळं ठेवायचा. ‘कमला १’, ‘कमला २’ अशी नावं द्यायचा. एका गाण्याला तर ‘कमला ११’ पर्यंत गेला होता.

खंडेनवमीला कमलाक्षी मला हळदकुंकू लावायची, डोक्यावर रोजांचं, म्हणजे झेंडूचं, फूल ठेवायची. गौरेश ओरडायचा, "अगो, उदक शिंपडूं नाका, मरतलो तो!" ती म्हणायची, "तुमचें कोयतें पुजलें तें मेलें?" माझ्या मागच्या पंख्याजवळ तिच्या कुंकवाचा डाग अजून आहे. नऊ वर्षांत मला एवढा मान दुसऱ्या कोणी दिला नाही.

मग खाण परत सुरू झाली आणि ट्रक परत धावायला लागले. दुसऱ्याच आठवड्यात, एका रविवारी, ती माझ्यासमोर उभी राहिली. तेच ते अकरा वेळा घेतलेलं गाणं. आज गोव्यात चवथीला ज्याच्या त्याच्या फोनवर वाजतं ते.

काल पुसलो सोपो बाये, आज परत धूळ,
कोण व्हरता डोंगर बाये, कोण खणटा मूळ.

सोपो म्हणजे ओसरी. काल पुसली, आज परत धुळीने भरली. डोंगर कोण नेतंय, मूळ कोण खणतंय? अकराव्या खेपेला ती असं गायली की गौरेशने कानावरचा हेडफोन काढून नुसतंच तिच्याकडे बघितलं.

आणि मग आला निहार. गौरेशच्या बहिणीचा मुलगा, पणजीत राहणारा, कसलासा साउंडचा कोर्स केलेला. खांद्याच्या पिशवीतून त्याने चपटा, रुपेरी सफरचंदवाला काढला आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

"मामा, तूं अजून हो डबो वापरता? हाचो पंखो आयक मरे, विमान उडटा कशें दिसता. आनी हँग जाता तें वेगळेंच!"

खोटं कशाला बोलू? पंखा घरघरतो माझा. हँगही होतो मी. कधीकधी गाणं चालू असतानाच असा अडकतो की एकच शब्द माझ्या तोंडात फिरत राहतो, वायर उपटेपर्यंत. आणि तो रुपेरी गडी खरंच मुका होता, काम करताना श्वासही ऐकू येत नव्हता त्याचा. त्याच्याशी माझं भांडण नाही. कोणी कोणावर गाणी करावीत हा ज्याच्या त्याच्या कामाचा प्रश्न. पण निहारने कामाचा विचार कुठे केला होता? "म्युझिक करपी सगळे हेंच वापरतात," एवढंच त्याचं ज्ञान. आमची अर्धी घडलेली गाणी तिकडे उघडतील का, एवढा साधा प्रश्नसुद्धा त्याला सुचला नाही. गौरेशला तर नाहीच नाही. भाच्याच्या नादाने त्यानेही एक रुपेरी घेतला.

निघताना निहारने धुळीचं गाणं माझ्याकडून एकत्र करून पेन ड्राइव्हवर घेतलं. वाजप, म्हणजे वाद्यं, आणि आवाज एकत्र मिसळलेलं, दहा भाज्या एकत्र शिजलेल्या खतखत्यासारखं. त्यातून परत काही वेगळं काढता येत नाही. अकरा ‘कमला’ माझ्याच पोटात राहिल्या. मला माळ्यावर नेलं, नारळांच्या ढिगाशेजारी. पडदा आणि कीबोर्ड गोणपाटात बांधून बाजूला टाकला. त्या खंडेनवमीला फूल रुपेरीला मिळालं.

तेवढं मी सोसलं असतं. पुढचं मी माळ्यावरूनच ऐकलं, तुम्हीही ऐका.

निहारने गाण्याला थोडा ढमढमाट चिकटवला आणि नेटवर सोडलं. गाणं पेटलं! चवथीत तर मंडपामंडपातून वाजलं. एके दिवशी गौरेशची मुलगी तनया फोन घेऊन स्वयंपाकघरात धावली, "आई, तुजें गाणें!" कमलाक्षीने ओले हात पदराला पुसून फोन घेतला. त्यावर लिहिलं होतं, ‘संगीत व संयोजन: निहार. गीत: पारंपरिक.’

तिने ते दोनदा वाचलं. निहार चवथीच्या जेवणाला आला तेव्हा तिने साधेपणाने सांगितलं, "निहार, तें पारंपरिक न्हय रे. हांवें जुळयलां तें."

निहारने सोलकढीचा घोट घेतला. "मामी, फुगडी ती! फुगडेक कोणाचें नांव आसता? पयलींपासून बायलो म्हणत आयल्यात."

पहिल्यापासून! अरे गाढवा, त्या गाण्यात गेल्या वर्षी परत सुरू झालेल्या ट्रकांची धूळ आहे! पण बोलणार कोण? गौरेशने डोकं ताटात घातलं आणि पुटपुटला, "सोड गो. घरचोच तो."

दुसऱ्या दिवशी कमलाक्षी नारळ काढायला माळ्यावर आली. नारळ काढलेच नाहीत. माझ्या डोक्यावरची धूळ हाताने पुसली, त्या कुंकवाच्या डागाशी बोट थांबलं आणि ती मला म्हणाली, "तुका खबर आसा. तुका एकट्याक." मग तिथेच बसून रडली. माझ्या अंगात वीज नव्हती, नाहीतर तेव्हाच पेटलो असतो. ये निहार, म्हटलं मनात. मी तुला लागेन कधीतरी. ये तू.

आला की!

डिचोलीतल्या एका सांस्कृतिक मंडळाने मोठ्या कार्यक्रमात तेच गाणं घ्यायचं ठरवलं. फुगडीचं पथक मुळगावचंच, बायका स्टेजवर स्वतः गाणार, म्हणून त्यांना आवाज वगळून नुसतं वाजप हवं होतं. निहारने छाती फुगवून हो म्हटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्याकडे नुसतं खतखतं आहे. सुटी भाजी सगळी माझ्याकडे. मी ज्यात काम केलं ते सॉफ्टवेअर सफरचंदवाल्यावर मिळतच नव्हतं. दोन दिवस डोकं फोडून तो मामाच्या दारात उभा राहिला, "मामा, तो डबो खंय आसा?"

डबो माळ्यावर होता. डबो वाट बघत होता.

त्याच रविवारी मंडळाचे अध्यक्ष गोकुळदास घरी आले होते, पथकाच्या बायकाही आल्या होत्या. कार्यक्रमाची पत्रिका छापायला द्यायची होती, तिचा कागद गोकुळदासांच्या मांडीवर होता. निहारने मला सोप्यावर आणून मांडलं, मंडपाचा मोठा स्पीकर जोडला, बटण दाबलं.

पीं. पीं. पीं. आणि मी गप्प.

त्याने परत दाबलं. पीं, पीं, पीं. त्याने पाठीवर थापट मारली. मार, म्हटलं, आणखी मार. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. निहार घामाघूम झाला. "मेलो हो डबो," तो म्हणाला.

"सर पैस," कमलाक्षी त्याला बाजूला सारत म्हणाली.

तिने तनयाच्या कंपासातलं खोडरबर मागून घेतलं. माझी बाजूची पत्र्याची फळी सरकवली, पट्टी अलगद उपसली, तिचे दात पुसले, फुंकर मारली, टक् करून बसवली. मधुकरच्या दुकानात कधीकाळी एकदाच बघितलेलं! मग बटण दाबलं. मी पहिल्या दमात उठलो. तिच्यासाठी नाही उठणार तर कोणासाठी?

निहारने घाईघाईने गाणं उघडलं. समोर अकरा ‘कमला’. यातला खरा आवाज कोणता, कोणता बंद करायचा, त्याला काय कळणार? त्याने पहिलीच वाजवली. माझा पंखा घरघरला आणि सोप्यावर कमलाक्षीचा आवाज घुमला.

"कोण व्हरता माती बाये... राव राव, थांब. माती न्हय. डोंगर. माती म्हटल्यार ल्हान दिसता. कोण व्हरता डोंगर बाये... हां, हें बरें."

मग माझ्यातून गौरेशचा आवाज आला, त्या रविवारचा, कौतुकाने भरलेला, "कमला, हें कोणाचें गो गाणें?"

"कोणाचें म्हणजे? माजें."

निहारचा हात थांबवायच्या बटणावर गेला. आणि त्याच क्षणी, देवाशपथ सांगतो, मी हँग झालो.

माजें. माजें. माजें. माजें. माजें.

निहारने सगळी बटणं दाबली. मी सोडतो काय! हँग होतो म्हणाला होतास ना मला? घे! माजें माजें माजें. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकून आत बघायला लागली. पथकातल्या बायकांतली एक टाळी वाजवून त्या ठेक्यावर डोलायला लागली, मग दुसरी. गौरेशने मान खाली घातली होती, त्याचे कान लालभडक झाले होते. निहार वायर उपटायला वाकला.

"राव," कमलाक्षीने त्याला थांबवलं. "वाजूं दी थोडो वेळ."

तिने वाजू दिलं. गोकुळदासांनी मांडीवरच्या कागदावर एक शब्द खोडला आणि पेन उघडंच ठेवून विचारलं, "बाय, पुराय नांव सांग." गौरेशने तोंड उघडलं, तसं ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हांव सांगतां." आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, प्रत्येक अक्षर वेगळं करून, कारण माझा आवाज चालूच होता. मग तिने स्वतःच्या हाताने माझी वायर काढली.

त्यानंतर मी उठलो नाही. आतलं काहीतरी जळलं असावं. पण माझी डिस्क शाबूत आहे. मधुकरने ती काढून कमलाक्षीच्या हातात दिली, तांदळाच्या पिठाच्या डब्याशेजारी ती रुमालात गुंडाळून ठेवलेली आहे. अकराही ‘कमला’ सुखरूप. मधुकरने तिला विचारलं म्हणे, "आतां खंयचो जोडूं? खिडकीवालो, सफरचंदवालो, काय पेंग्विनवालो?" ती म्हणाली, "जातूंत पयलीं माजें नांव बरोवपाक मेळटा, तो." आधी नाव लिहिता येईल असा, बाकी सगळं मग.

निहारने नेटवरचं ‘पारंपरिक’ काढलं आहे. मुकाट्याने काढलं, माफी मागायला अजून आलेला नाही. माझा रिकामा पत्रा परत माळ्यावर आहे, कुंकवाच्या डागासकट. तुमच्याही घरी असा एखादा डबो असेल. भंगारात टाकण्याआधी एकदा कान लावून ऐका, आत कोण काय बोलून गेलंय ते.

आणि निहार, तुझा रुपेरी गडीही एक दिवस जुना होईल रे. त्याला इकडेच पाठव. नारळ थोडे सरकवून मी शेजारी जागा केली आहे, आणि रात्रंदिवस त्याला एकच शब्द शिकवणार आहे.