पियानोवरची निरांजनं

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या डॉक्टर राजश्रीबाईंचा पियानो आमच्या बैठकीत आहे. जिन्याच्या वळणावर तो अडकला, मग खालीच राहिला. हैदराबादच्या त्यांच्या म्हाताऱ्या शिक्षिकेनं वारण्याआधी तो त्यांना दिलेला. कपाटासारखा उभा, अक्रोडाच्या लाकडाचा. पुढच्या फळीवर द्राक्षाची वेल जाळीसारखी कोरलेली, जाळीमागं हिरवं रेशीम, आणि दोन्ही अंगांना मेणबत्तीसाठी एकेक पितळी हात, पुढं-मागं फिरणारा. त्याचं वाजणं मला फारसं कळत नाही, पण ती वेल मी रोज डोळे भरून बघायची. इतकं निगुतीचं काम देवापुढंच शोभावं, असं वाटायचं.

यंदा चातुर्मासात मी दोन नेम धरले. सकाळी पोथीचा अध्याय होईपर्यंत मौन, आणि दिवेलागणीला सरस्वतीपुढं दोन दिवे. तसबीर पियानोवर ठेवली, निरांजनं पितळी हातांवर. दिव्यासाठीच तर केलेत ते, म्हटलं. राजश्रीबाईंना विचारलं नाही; दिवेलागणीला त्या दवाखान्यात असायच्या, परत येईपर्यंत मी निरांजनं उचलून ठेवायची.

काल हार घालताना कोपराचा धक्का लागून एक पितळी हात जाळीकडं वळला असावा. भाजी बघून परत येते तो जाळीतून धूर. विझवलं, पण रेशमाला तळव्याएवढं भोक पडलं, द्राक्षाचा एक घड काळाठिक्कर झाला. मी निरांजनं घासून देवघरात ठेवली. तसबीरही हलवली. सकाळी सांगू, म्हटलं.

सकाळी मी पोथीवर बसले होते. भामाबाई, आमच्याकडं आणि वरही कामाला येणारी, फडकं घेऊन पुसायला आली, तेवढ्यात राजश्रीबाई उतरल्या.

"अगं बाई! भामाबाई, हे काय केलंत?"

"मी? मी तर आत्ता आले की."

"काल संध्याकाळी मी निघाले तेव्हा तुम्हीच झाडत होता इथं. उदबत्ती टेकवली असेल."

"उदबत्ती मी कशाला लावू? माझा देव हाय का त्यो?" भामाबाई हसली. राजश्रीबाईंच्या चेहऱ्याकडं बघून तिचं हसू गेलं. "काकू, तुमी तरी सांगा."

दोघी माझ्याकडं वळल्या. मी ओठांवर बोट ठेवलं, पोथी दाखवली.

"असू द्या काकू, मौन मोडू नका," राजश्रीबाई किती आदरानं म्हणाल्या.

अध्याय त्याआधीच संपला होता. मी शेवटची ओवी पुन्हा वाचायला घेतली.

"माझ्या हैदराबादच्या बाईंची एवढीच खूण होती माझ्याकडं." राजश्रीबाईंनी जळक्या रेशमावरून बोट फिरवलं. "उद्यापासून वर येऊ नका तुम्ही." आणि त्या जिना चढून गेल्या.

शेजारच्या विमलबाई दूध घ्यायला फाटकाशी आल्या होत्या. "लई धीट झाल्यात ह्या बाया," त्या म्हणाल्या, भामाबाईला ऐकू जाईल अशा.

भामाबाईनं फडकं खाली ठेवलं. चप्पल घालू लागली.

"मी जाळलं," मी म्हणाले.

"काय म्हणलात?"

"दिवे मी ठेवले होते."

"ते मला ठावं हाय. वातीचं तूप दिसतंय की खाली. मला कशाला सांगता? त्यांना सांगा. अन् त्या विमलबाईला बी."

मी अंगणात आले. माझा आवाज फाटकाबाहेर कधी गेलेला नाही. मृदू बोलते म्हणून गल्लीत माझं कौतुक आहे. "राजश्रीबाई," मी हाक मारली. खिडकी हलली नाही.

"जोरात," मागून भामाबाई म्हणाली. "माझं नाव कसं जोरात घेतलं त्यांनी?"

"राजश्रीबाई! रेशीम मी जाळलं! भामाबाईनं नाही!"

विमलबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. वरची खिडकी उघडली. राजश्रीबाई बाहेर वाकल्या.

"पण काकू, मघाशी तुम्ही समोरच होता. मौन होतं म्हणून..."

हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"अध्याय संपला होता," मी म्हणाले. तेही जोरातच.