सदरासाठी तीन घोट

"वाइन एक वेळ खोटं बोलेल, पण माझी जीभ नाही!" राजा पार्क वस्तीतल्या आपल्या दिवाणखान्यात विलासरावांनी गर्जना केली, आणि चहाचा पहिला घोट घेऊन तीच जीभ भाजून घेतली.

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या विलासरावांना जयपूरच्या मराठी मंडळाच्या मासिकात स्वस्त वाइनवर सदर हवं होतं. संपादक कीर्ती परीक्षा घ्यायला आली होती. तीन बाटल्या आत त्यांच्या पत्नी मधुमतीबाईंच्या ताब्यात होत्या. त्यांनी तीन पेले भरून आणले.

विलासरावांनी पहिला चाखला. "ही लाजरी." दुसरा चाखला. "ही भांडखोर." तिसऱ्याला डोळेच मिटले. "आणि ही खानदानी!"

कीर्तीनं सगळं लिहून घेतलं. "काकू, आता नावं सांगा."

"एकच आहे," मधुमतीबाई म्हणाल्या. "लोणच्याची एक बरणी संपल्याशिवाय मी दुसरी उघडत नाही. मग बाटल्या बऱ्या तीन-तीन उघडीन?"

विलासराव पेल्यांकडे असे बघत राहिले, जणू तिघांनी मिळून फितुरी केली होती. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "मग सदराचं काय?"

"बघू या, काका," कीर्ती हसू दाबत म्हणाली. "तेवढी बाटली रिकामी झाली की धुऊन ठेवाल? मनीप्लांट लावायचाय."