वजा पाच

...तीनशे पंधरा. लाल पेनाचं टोक त्या आकड्याशी अडलं होतं आणि छायाबाईंना हसूही येत होतं, चीडही — एका टोपलीत पंचेचाळीस आंबे, दुसरीत तीस, आणि आमच्या ठकूबाईंचे झाले तीनशे पंधरा! आंब्यांना काय टोपलीत पिल्लं झाली? त्यांनी फुली मारली. अशा सात फुल्या. जुलैच्या चाचणीत दहापैकी आठ, मार्चच्या चाचणीत तीन. आणि शेवटच्या रकान्यात, वर ‘प्रगती’ लिहिलं होतं तिथं, वजा पाच.

अख्खं साल शाळेत बसून पोर उणी होते?... छायाबाई शहापूरच्या, आकड्यांवर त्यांचा भारी जीव. मुरबाडच्या बैठकीत बाकीचे गुरुजी बेरजा चुकवायचे तेव्हा ह्या गालातल्या गालात हसायच्या. माणूस खोटं बोलेल, आकडा नाही बोलणार, असं त्यांचं ठाम मत. त्याच मताच्या जोरावर त्यांनी दिवाळीनंतर ठकूच्या बापाला, यमाजीला, वाटेत अडवलं होतं — सिद्धगडाखालची ती वाडी वीटभट्ट्यांवर निघालेली, डोक्यावर बोचकी, ठकूच्या कडेवर धाकटा भाऊ. पोरीला तिच्या आतेपाशी ठेव, म्हणाल्या होत्या, बघ कशी वाढते ती. यमाजी डोक्यावरचं बोचकं सावरत म्हणाला, ठेवतो, पण एकच साल; वाढ दिसली तर पुढंही ठेवीन, नाय तर पोर भट्टीवर, धाकट्याला सांभाळायला. आज तो वाशिंदहून तेवढंच विचारायला येणार होता.

आणि आता काय सांगायचं त्याला? पोर पाचानं घटली म्हणून?... त्यांनी ठकूला हाक मारली. ती आली, हात मागं बांधून उभी राहिली. हे काय लिहिलंयस, वाच बघू, असं बाई जरा दरडावूनच म्हणाल्या. ठकूनं बोट आधी तीनवर ठेवलं, मग सरकवून पंधरावर.

“तीन विसा न पंधरा.”

तीन विसा... साठ. साठ आणि पंधरा, पंचाहत्तर — बाईंचं पेन झर्रकन खाली सरकलं. खालचं उत्तर, बेचाळीसच्या जागी २२: दोन विसा न दोन. त्याखाली ३६: तीन विसा न सहा, सहासष्ट, बरोबर. अगं बाई... सातही बरोबर! प्रश्न बाईंनी वाचायचे, मुलांनी नुसतं उत्तर लिहायचं. पंचेचाळीस कानावर पडलं की ह्या पोरीनं मनात त्याच्या विसा पाडायच्या, बेरीज करायची आणि झालेलं सगळं बाईंच्या आकड्यांत उतरवायचं. जुलैत सगळी उत्तरं विसाच्या आतली, म्हणून काही कळलंच नाही. वाडीत गवताच्या पेंढ्या, विटा, सगळं असंच मोजतात, पण लिहितं कोण? लिहायचं कसं ते हिचं हिनंच ठरवलं, एवढ्याशा जिवानं, फळ्याकडं बघत, गप्प बसून... आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून फुल्या मारत होते. छायाबाईंना चक्क भीती वाटली, आणि त्या भीतीत केवढा तरी आनंद होता. मग नजर पुढच्या नावांवर गेली. हेमंत, नऊचे दहा, अधिक एक — काय असेल त्या एकात? इतकी डोकी रोज समोर बसतात, आणि प्रत्येकात काय काय चाललेलं असेल, देव जाणे.

यमाजी दारात उभा होता, वहाणा बाहेर काढून, पाय गुडघ्यापर्यंत विटांच्या धुळीनं लाल.

“वाढली का बाई पोर?”

“वाढली.”

“किती?”

रकान्यात वजा पाच तसंच होतं. उत्तरसूचीत विसांना जागा नव्हती, उद्या ते तसंच मुरबाडला कार्यालयात जायचं. काहीतरी फुगवून सांगितलं असतं तर यमाजीला काय कळणार होतं... पण तोंडून भलतंच निघालं.

“मला मोजता येत नाही, यमाजी.”

एरवी हे कबूल करताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज छाती हलकी झाली होती. बाई फसवताहेत की काय, ते यमाजी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होता. तो ठेवील की नेईल, काही सांगता येत नव्हतं... छायाबाई मात्र ठकूकडं बघत होत्या, वर्षभर रोज पाहिलेल्या त्या पोरीकडं, आणि त्यांना वाटत होतं, हिला आपण अजून पाहिलेलंच नाही.