अठ्ठेचाळीस ग्रॅमचं अंडं

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाई सर्वज्ञ आहेत. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे त्यांना स्वतःला शिकायचं असं काही उरलेलं नाही. मी पुन्हा नोकरीवर जायला लागले तेव्हा टिकलीला सांभाळायला त्या आल्या, आणि माझ्या तीन वर्षांच्या लेकीचा जन्माचा आजार त्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला.

"प्रथिनं चालत नाहीत? ऐकावं ते नवलच! आमच्या वेळी नव्हती गं असली थेरं."

तुमच्या वेळी अशा पोरांना मंद म्हणून शेवटच्या बाकावर बसवायचे, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. समजावत राहिले. प्रथिनांतला एक घटक टिकलीच्या शरीराला मोडता येत नाही, तो रक्तात साचतो आणि मेंदू बिघडवतो. म्हणून दूध, अंडी, डाळी बंद. भात-बटाटासुद्धा काट्यावर तोलून. आणि वाढीसाठी ती उग्र वासाची औषधी पावडर, दिवसातून तीनदा.

टिकली मात्र गुणाची. कुणी साधं द्राक्ष दिलं तरी मुठीत धरून ओट्याकडे धावते, "आधी वजन!" तिच्या या हट्टाच्या भरवशावर मी ऑफिसात निर्धास्त असायचे.

मग या महिन्याचा रक्ताचा अहवाल आला. आकडा दुप्पट. "असाच राहिला तर मेंदूला महागात पडेल," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "जादा काय जातंय ते शोधा." मी मेली काट्यावरच संशय घेतला, सेल बदलले. तरी चैन पडेना, म्हणून एक दिवस दुपारीच घरी आले.

टिकली ओट्यापाशी स्टुलावर उभी. काट्यावर सोललेलं, उकडलेलं अंडं.

"अठ्ठेचाळीस!" आत्याबाईंनी वाचलं. "झालं हं वजन. खा आता, राणी."

आणि माझ्या शहाण्या बाळाने विश्वासाने आ केला.

मी अंडं हिसकावलं.

"अगं, मोजूनच देते की! तुझाच काटा, तुझेच ग्रॅम. रोज एकच तर देते."

धन्य! तिच्या अख्ख्या दिवसाच्या वाट्याहून जास्त प्रथिनं त्या एका अंड्यात असतात. पण विज्ञानाच्या बाईंच्या मते काट्यावर ठेवलं की विष उतरतं.

मी ओरडले नाही. रक्ताचे थेंब घ्यायचं चार वर्तुळांचं कार्ड आणि सुई त्यांच्यासमोर ठेवली. "फेरतपासणी करायची आहे. टिकलीचं बोट तुम्ही टोचा."

"मला नाही गं जमायचं."

"न जमायला काय झालं? विज्ञानच आहे."

त्यांनी सुई उचलली आणि परत खाली ठेवली. टिकलीनेच बोट पुढे केलं. "आत्याआजी, भिऊ नको. मुंगी चावते फक्त."

आत्याबाईंनी टोचलं. वर्तुळं भरली. टिकलीने डोळे पुसले, कार्ड उचललं आणि ती सवयीने काट्याकडे निघाली.

आत्याबाईंनी तिला अडवलं. "काट्याला काय कळतंय, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "आईला विचार."