सोळा दिव्यांनी मिटलेला करंडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी करंडा आहे. बनारसच्या बाजारात मला सिंधोरा म्हणत. रामघाटच्या गल्लीत शरदिनीबाईंच्या देवघरात आलो आणि कुंकवाचा करंडा झालो. बाईंनी त्यांच्या पहिल्या मंगळागौरीला मला आणलं. तेव्हा माझ्या तांबड्या लाखेत समईची ज्योत दिसायची. त्यानंतर एकवीस वर्षं, माझ्यातलं चिमूटभर कुंकू देवीला वाहिल्याशिवाय बाईंनी घास घेतला नाही.

यंदा श्रावणात घरी भाचीची मंगळागौर झाली. आरतीचे सोळा दिवे कौतुकानं माझ्याभोवतीच मांडले. दुसऱ्या दिवशी माझं झाकण काही केल्या उघडेना. बाईंचा चेहरा उतरला. "देवीच रुसली," एवढंच त्या पुटपुटल्या. मी बापडा कसं सांगणार?

रविवारी घरची तिघं गंगेकाठच्या कारागिरांच्या मेळ्याला निघाली. नवा करंडा घ्यायचा आणि परतताना मला गंगेत सोडायचं, असं ठरलं होतं. देवघरातली वस्तू कचऱ्यात कशी टाकणार? पिशवीत मी, माझ्याशेजारी गंगेच्या ओटीचा नारळ.

"गंगामाईकडे आधीच पुष्कळ सामान आहे हो," बाईंचे यजमान विश्वेश्वरराव हसत म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा बरं," बाई हळूच म्हणाल्या.

चित्रं पाहून झाली, सतार ऐकून झाली. मीनाकारीच्या दुकानातून लेक हिमानीला ओढूनच काढावं लागलं. मला मात्र पिशवीच्या फटीतून सारखं पाणीच दिसत होतं.

मग तो ओळखीचा आवाज आला. घर्रर्र! काशीनाथ नावाचा म्हातारा कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवत होता. घासून ऊब आली, की लाख वितळून लाकडाला धरत होती.

हिमानी एकदम थबकली. "आई, लाख गरमीनं वितळते! अगं, आपले सोळा दिवे!"

बाईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं आणि त्याला सगळी हकीकत सांगितली. काशीनाथनं मला यंत्रावर चढवून फिरवलं आणि झाकणाच्या सांध्यावर फडकं दाबलं. सांधा कोमट झाला, त्यानं हलकेच पीळ दिला आणि टक्! आतलं कुंकू जसंच्या तसं होतं.

"बहनजी, ये तो अपने मायके आया है," तो म्हणाला. "इसे गंगाजी में क्यों बहा रही थीं?"

बाईंचे डोळे भरून आले. पहिली चिमूट त्यांनी त्याच्या यंत्राला लावली. नवा करंडा घ्यायचा राहूनच गेला.

तरी संध्याकाळी त्या रामघाटच्या पायऱ्या उतरल्याच. त्यांनी नारळ वाहिला, मग मला हातात घेतलं. माझं लाकूडसुद्धा शहारलं. बाईंनी झाकण उघडलं, चिमूटभर कुंकू गंगेला वाहिलं आणि मला पदराआड धरून त्या वर चढू लागल्या.

मित्रांनो, आम्ही वस्तू रुसत नाही. आम्हाला काय झालंय, ते एकदा आम्हाला घडवणाऱ्या हातांना विचारून पाहा. आता बाई दिवा लावताना मला आधी वीतभर लांब सरकवतात.