माझे नऊ जादा मणी

मित्रांनो, खजूर खाल्ला की बी फेकून देता ना? मी तशाच बियांची झाले! मी नळदुर्गची एक जुनी तसबीह, म्हणजे जपाची माळ आहे. हायवेवर ट्रक चालवणाऱ्या दस्तगीरचाचांनी रमजानमधल्या बिया धुऊन, घासून, त्यांना भोकं पाडून मला घडवलं. नव्याण्णव मणी, आणि शेवटी एक लांबट मणी, त्याला इमाम म्हणतात. एका मण्यावर अल्लाहचं एक नाव घ्यायचं. अर्-रहमान, म्हणजे परम दयाळू. अर्-रज्जाक, म्हणजे अन्न देणारा. चाचा घाट उतरताना ‘या हफीज’, हे सांभाळणाऱ्या, असं म्हणायचे आणि मी केबिनमध्ये ऐटीत झुलायचे!

चाचा गेले आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले. मग यंदा त्यांना ‘दादा’ म्हणणाऱ्या त्यांच्या नातीने, तहसीनने, मला खाली काढलं. मोहल्ल्यातल्या मुलांच्या जलशात तिला कुराण तोंडपाठ असलेल्या हाफिजसाहेबांसमोर सगळी नावं क्रमाने म्हणायची होती. गेल्या साली ती मध्येच अडली होती आणि रडत खाली उतरली होती. या वेळी तिने दादीला, म्हणजे आजी खुर्शीदबींना, न अडण्याचा शब्द दिला होता. काय सांगू, माझा मणी न् मणी मोहरून गेला!

सराव चालायचा शेजारच्या प्रेमाबाईंच्या ओसरीवर. जलशाच्या दुपारी तहसीनने भरात येऊन मला असा हिसका दिला की माझा कुजका धागा तटकन तुटला. मणी चहूकडे उधळले आणि अंगणातली कोंबडी टुणकन उडी मारून मध्ये घुसली!

“रडू नगंस. तू जा, कपडे घाल,” प्रेमाबाई म्हणाल्या. “म्या ओवून आणते. लई वेळ न्हाय लागायचा.”

प्रेमाबाई रोज महादेवाची जपमाळ ओढणाऱ्या. त्यांनी माझे मणी मोजले आणि कपाळाला हात लावला. माळेत एकशे आठ मणी असतात, ही त्यांची पक्की समजूत. इथं तर नऊ कमी!

“मेले, देवाचे मणी गिळलीस व्हय गं?” त्या कोंबडीवर कडाडल्या.

अहो, मी मुळातच एवढी! पण माझं ऐकतंय कोण? त्यांनी सासूबाईंच्या तुटक्या माळेतले बेलाच्या लाकडाचे नऊ मणी काढले, इमामाच्या अगदी आधी ओवले आणि धावतपळत जलशात येऊन मला तहसीनच्या हातात दिलं. झाल्या प्रकाराबद्दल त्या लाजेने चकार शब्द बोलल्या नाहीत.

तहसीनने डोळे मिटले. नावं झरझर येऊ लागली. गेल्या साली अडलेली जागा आली, आणि ती पारही झाली! खुर्शीदबींचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. “अस्-सबूर,” म्हणजे धीर धरणारा. शेवटचं नाव! आता बोटांना इमाम लागायला हवा होता. लागला आणखी एक मणी. मग आणखी एक.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. नावं गळली की काय? सगळे तिच्याकडे बघत होते. चुकली नाहीस गं, मी मनातल्या मनात ओरडत होते, नीट चाचपून बघ! आणि तिने चाचपलं. खजुराच्या बीला मधोमध चीर असते. या मण्याला नव्हती. तिने डोळे उघडले, लाकूड पाहिलं आणि मान वर केली.

“हाफिजसाहेब, माझी सगळी नावं झाली. हे मणी दादांचे न्हायत.”

“माशाअल्लाह, एकही नाव चुकलं नाही!” हाफिजसाहेब म्हणाले.

प्रेमाबाई ताडकन उठल्या. “अवं, कोंबडीनं गिळले म्हणून म्या भरले की!” सगळा जलसा खो खो हसला. त्या शरमून म्हणाल्या, “आत्ताच काढून टाकते.”

खुर्शीदबींनी मला पदरात घेतलं. “राहू द्या, प्रेमाबाई. आमचे बुजुर्ग सांगत, अल्लाहनं आपली काही नावं कुणालाच सांगितली न्हायत, आपल्यापाशीच ठेवलीत. ही त्या नावांची जागा.”

मित्रांनो, तुमच्या घरी खुंटीवर एखादी माझ्यासारखी असेल, तर तिचा धागा वेळेवर बदला. आणि ओवताना शेजारणीने मायेने आपलं काही घातलं, तर ते उपटून टाकू नका. तहसीन आता रोज मला हातात घेते. नव्याण्णव नावं ती मोठ्याने म्हणते. मग बेलाचे मणी येतात. तिथं ती गप्प होते आणि एकेका मण्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ थांबते.