अर्ध्या मैदानावरचे एकसष्ट गुण

सत्तावीस डिसेंबरला दुपारी जळगावात लामॉन्टने एकट्याने एकसष्ट गुण केले आणि आमच्या तापी टायगर्सनी धुळ्याच्या पांझरा पँथर्सना लोळवलं.

वरचं वाक्य वाचलं असेल तर विसरा. असा सामना झालेला नाही. खान्देश विभागीय बास्केटबॉल मंडळाच्या दफ्तरात तो नाही, म्हणून मीही तो पाहिलेला नाही. तसा मी टायगर्सचा मॅनेजर होतो आणि गुणफलकावरचे आकडे माझ्याच हाताने बदलत होतो, पण ते असो.

लामॉन्ट अमेरिकेतल्या टोलेडोचा. वय छत्तीस, उंची सहा फूट नऊ इंच. व्यावसायिक खेळाडू, म्हणजे अमेरिका सोडून कुठेही खेळणारा. पोलंडमध्ये त्याचा क्लब बंद पडला. लेबनॉनमध्ये क्लब चालू होता, पण लाइट नसायची. मंगोलियात कोच टीमची बस घेऊन कुठेतरी गेला, तो अजून आलेला नाही. मग त्याला आमचे लोटन आबा भेटले. आबा चोपड्याचे केळीचे व्यापारी. त्यांनी लीग काढली होती. टीम दोन, सामना एक, तीच फायनल.

"जो हारी तोबी दुसरा नंबर," आबा म्हणायचे.

लामॉन्टला एकच गोष्ट हवी होती. कोसोव्होतल्या दुसऱ्या डिव्हिजनचा एक क्लब त्याला घ्यायला तयार होता. अट अशी की त्याच वर्षातल्या एका अधिकृत सामन्याचं पूर्ण चित्रीकरण आणि पंचाच्या सहीचा गुणतक्ता एकतीस डिसेंबरच्या आत पोचला पाहिजे. नाहीतर टोलेडोत मेव्हण्याचं गालिच्यांचं गोडाऊन होतंच.

"हितेन, एक सामना," तो मला रोज सांगायचा. "हरलो तरी चालेल. फक्त झाला पाहिजे."

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी आबांच्या ध्यानात आलं की पाहुणा तीन आठवडे जळगावात आहे, हिवाळा आहे, आणि त्याने अजून भरीत खाल्लेलं नाही.

"हित्या, हाई काय करं तू? लोके काय म्हनतीन?"

भरताची वांगी आमच्याकडे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजली तर त्याला आमच्यात भाजी म्हणतात, आणि तीही नाराजीने. दोनशे माणसांचं भरीत म्हणजे साठ किलो वांगी आणि ट्रॉलीभर काड्या. एवढा जाळ करायला मोकळी, सपाट, आडोशाची जागा पाहिजे. आबांनी शहरभर शोधली आणि त्यांना सापडली.

मी तेव्हा धुळ्याहून पंचांना आणायला गेलो होतो. मोईज सरांना घेऊन परत आलो तर पूर्वेकडच्या रिंगेखाली जाळ पेटलेला. निळ्या प्लास्टिकच्या टाइल्स वांग्यांच्या आधी भाजून झाल्या होत्या. फायबरचा बोर्ड तेलात सोडलेल्या पापडासारखा आधी फुगला, मग रिंगेसकट खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आबा, हे मैदान आहे!"

"म्हनीसन ते सपाट शे."

लामॉन्ट कडेला उभा होता. आबांनी त्याला बसवून समोर केळीचं पान मांडलं, भरीत वाढलं, पुऱ्या वाढल्या. त्याने जळक्या खांबाकडे बघत सगळं खाल्लं.

"चांगलं आहे," तो मला म्हणाला. "हितेन, कोसोव्होत दोन रिंगा लागतात."

मी ते आबांना सांगितलं. आबा दुसऱ्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, "अर्धं ते शे ना!"

धुळ्याचा हॉल पाच जानेवारीपर्यंत लग्नांना दिलेला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी दोन्ही टीम एकाच रिंगेत बॉल टाकत खेळल्या. बॉल ज्याच्या हातात येईल त्याने मधल्या रेषेपर्यंत पळायचं, राखेत पाय ठेवायचा आणि परत यायचं. मला बास्केटबॉल फार कळत नाही. पण तिसऱ्या क्वार्टरला धुळ्याची पोरं लामॉन्टला अडवायचं सोडून नुसती बघत उभी राहिली. गुडघ्यापर्यंत राखेने काळा झालेला तो माणूस जिथून टाकेल तिथून बॉल आत. एकदा तर तो हसलासुद्धा.

हेही झालेलं नाही.

शेवटची शिट्टी वाजल्यावर मोईज सरांनी पेनाला टोपण लावलं.

"सर, सही?"

"नियमाप्रमाणे रिंगा दोन. मी एक मोजली."

"सर, माणसाचं करिअर आहे."

"माझंपण आहे हो. धुळे जिल्ह्यापुरतं." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "एकसष्ट पॉइंट मी आयुष्यात पाहिले नव्हते. पण पाहिले असं लिहिता येत नाही."

अहवालात त्यांनी एवढंच लिहिलं: सामना झाला नाही. जेवण उत्तम.

चित्रीकरण तरीही लामॉन्टच्या एजंटला पाठवलं. तिसाव्या तारखेला उत्तर आलं. कोसोव्होवाले विचारत होते की खेळाडू चांगला आहे, पण कॅमेरा दुसऱ्या बाजूला वळवायला कुणी नव्हतं का? उरलेला अर्धा सामना उद्यापर्यंत पाठवावा.

लामॉन्टने तो मेल दोनदा वाचला आणि सामान भरायला घेतलं. आबांनी त्याच्यासोबत केळीचा एक घड दिला. तो मुंबईच्या विमानतळावर काढून घेतला.

आता तो गोडाऊनमध्ये गालिचे उचलतो. वरच्या फळीला त्याला शिडी लागत नाही. दर महिन्याला विचारतो, मंडळाकडून काही उत्तर आलं का. मी कळवतो, प्रक्रियेत आहे. मग नवी तारीख घालून तोच अर्ज पुन्हा टाकतो:

प्रति, मा. सचिव, खान्देश विभागीय बास्केटबॉल मंडळ, धुळे. विषय: न झालेला सामना झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, पूर्वेकडील रिंग दि. २७ डिसेंबर रोजी जागेवर होती असे मानण्यात यावे, अर्जदार खेळाडूचे एकसष्ट गुण पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावेत, आणि सदर वर्षाचा एकतीस डिसेंबर पुढील आदेशापर्यंत संपला नाही असे संबंधितांस कळविण्यात यावे.